काठावरचं काडतूस

हरभऱ्याचे घाटे भरायला लागले की मला एकच प्रश्न चहूबाजूंनी येतो. कंधारच्या आठवडी बाजारात, अहमदपूरच्या बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावून पडलेल्या माणसाकडून: "सर, डुकरासाठी टू-टू चालती का?" विचारणारा गंमत करत नसतो. रात्री दोनला उठून, कानाला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन तो रानात जाऊन आलेला असतो. आपण पूर्वेच्या धुऱ्यावर डबा वाजवत होतो तेव्हा कळप पश्चिमेकडून शिरला, हे त्याला सकाळी कळलेलं असतं. रान नांगरल्यासारखं झालेलं असतं. अशा माणसाला नुसतं "नाही" म्हणून वाटेला लावणं मला कधी जमलं नाही. पूर्ण उत्तर द्यायचं तर काडतूस म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते, मग नळी, मग कायदा, मग जनावराचं अंग. बाजारात उभ्या उभ्या ते होत नाही. म्हणून ही पुस्तिका.

मी बंदुकीच्या घरात वाढलो आणि पुढे एन.सी.सी.चा शिक्षक-अधिकारी म्हणून पंचवीस वर्षं पोरापोरींच्या हातात पॉइंट टू-टू दिली. त्या रायफलीवर माझा जीव आहे. पुढच्या पानांत तिला बऱ्याच ठिकाणी नको म्हटलेलं दिसेल, ते या जिवापोटीच.

आधी वस्तू समजून घेऊ. रिमफायर म्हणजे काठावर ठोकर बसून पेटणारं काडतूस. पितळेच्या छोट्या नळकांडीचा तळ बाहेरच्या बाजूला दुमडून काठ केलेला असतो, ताटाच्या कडेसारखा. त्या काठाच्या पोकळीत ठिणगी देणारा मसाला ओला असताना गरगर फिरवून भरतात आणि वाळू देतात. चाप ओढला की पिन काठावर आदळते, काठ चेमटतो, मसाला पेटतो, त्यानं दारू पेटते आणि गोळी सुटते. मोठ्या रायफलीच्या काडतुसात हा मसाला तळाच्या मधोमध वेगळ्या टोपीत बसवलेला असतो, त्याला सेंटरफायर म्हणतात. दिसायला फरक एवढाच, पण बाकीचं सगळं यातूनच निघतं. काठ चेमटायचा तर पितळ पातळ हवं. पितळ पातळ म्हणजे आतला दाब बेताचा हवा. दाब बेताचा म्हणजे गोळी हलकी किंवा संथ. अमेरिकेतल्या यादवी युद्धात .४४ च्या हेन्री आणि त्याहून जाड स्पेन्सर रायफली रिमफायर काडतुसांवरच लढल्या, पण दारूचा जोर वाढवायची वेळ आली तेव्हा मोठ्या रायफलींनी मधली टोपी स्वीकारली आणि काठावरचं काडतूस लहान रायफलींपुरतं राहिलं. ते पुन्हा भरताही येत नाही. एकदा चेमटलेला काठ कायमचा चेमटलेला.

काठावर मसाला सगळीकडे सारखा पसरला नसेल आणि पिन नेमकी मोकळ्या जागी आदळली, तर नुसता "टिक" आवाज येतो. नवखा पोरगा लगेच बोल्ट ओढायला जातो. माझ्या रेंजवर नियम होता: नळी समोर, बोट चापावरून बाहेर, तीसपर्यंत मोजायचं, मगच बोल्ट. मसाला कधी कधी उशिरा पेटतो. तीस आकडे मोजताना पोरांच्या कपाळावर आलेला घाम मला अजून दिसतो.

या काडतुसाचा मूळपुरुष फ्रान्समधला. लुई-निकोला फ्लोबेर यानं १८४५ च्या सुमारास ठिणगीच्या टोपीतच एक बारीक गोळी बसवली. हवेल्यांच्या दिवाणखान्यात नेम धरायचा खेळ होता तो. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट काडतूस आणलं. सालाकडे लक्ष द्या. त्याच वर्षी आपल्याकडे चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून शिपाई उठले होते. दातांनी फोडायचं कागदी काडतूस जायचं होतं आणि पितळेचं बंद काडतूस यायचं होतं, असा तो काळ. १८७१ साली .२२ लाँग आलं. १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीचं .२२ लाँग रायफल आलं, आणि एन.सी.सी.च्या मैदानापासून ऑलिंपिकपर्यंत आज ज्याला सगळे "टू-टूची गोळी" म्हणतात ती हीच. एलआर ही तिची आद्याक्षरं खोक्याच्या कडेवर दिसतील.

आता निवडीचा मुद्दा. इंग्रजीतली या विषयावरची पुस्तकं उघडली तर तीन-चार नावांभोवती सगळी चर्चा फिरते. एलआरची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. साध्या वेगाच्या खोक्यातली सेकंदाला सुमारे ३२५ मीटर जाते, वेगवान खोक्यातली ३८० च्या आसपास. १९५९ साली विंचेस्टरनं .२२ मॅग्नम आणलं. त्यात तेवढ्याच वजनाची गोळी पावणेसहाशे मीटरनं सुटते, पण काडतूस लांब आणि जाड असल्यामुळे एलआरच्या रायफलीत ते बसत नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नये. २००२ साली हॉर्नाडी कंपनीनं मॅग्नमच्याच पितळेची मान आवळून त्यात .१७ ची, १७ ग्रेनची गोळी बसवली. ही एचएमआर. वजन सुमारे १.१ ग्रॅम आणि वेग पावणेआठशे मीटरच्या पुढे.

हे आकडे रानात कसे दिसतात ते सांगतो. एलआर ५० मीटरवर बरोबर लागेल अशी लावून घेतली, तर १०० मीटरवर गोळी जवळजवळ वीतभर खाली उतरते. एचएमआर १०० मीटरवर लावली तर त्या सगळ्या टप्प्यात ती दोरी ताणल्यासारखी सरळ जाते, खालीवरचा फरक बोटभरही होत नाही. आडव्या वाऱ्यात मात्र एवढीशी हलकी गोळी शंभर मीटरवर तळहाताच्या रुंदीइतकी सरकते. वाऱ्याबाबत एलआरची एक गंमत नव्या माणसाला पटत नाही. वेगवान गोळी साध्या गोळीपेक्षा वाऱ्यात जास्त वाहवते. सुटताना ती ध्वनीपेक्षा वेगवान असते, वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरते आणि त्या उंबऱ्यावर हवा तिला जोरात अडवते. वेग झपाट्यानं मोडला की वाऱ्याच्या हाती जास्त लागतं. स्पर्धेतला नेमबाज म्हणूनच मुद्दाम संथ गोळी घेतो, कारण तिला हा उंबरा ओलांडावाच लागत नाही.

हवामानाचा हिशेब आपल्याकडे वेगळा करावा लागतो. ध्वनीचा वेग हवेच्या उष्णतेबरोबर वाढतो. पौषातल्या पहाटे, १० अंशाला, तो सेकंदाला ३३७ मीटरच्या आसपास असतो, आणि मे महिन्यात नांदेडला ४० अंश चढले की ३५५. दारूसुद्धा तापली की जोरानं जळते. त्यामुळे युरोपातल्या थंडीत लिहिलेला तक्ता आपल्या वैशाखात तसाच लागू पडत नाही, रायफल पुन्हा लावून घ्यावी लागते. शिवाय एलआरच्या गोळीचा बाहेर दिसणारा भाग मेणचट असतो. तिच्यावर नळीसाठी वंगण दिलेलं असतं. उन्हात उभ्या केलेल्या जीपच्या डिक्कीत खोकं राहिलं की हे मेण मऊ होतं, त्यावर काळ्या रानातली धूळ बसते आणि ती धूळ नळीच्या आट्यांत जाते. गोळ्या घरात, सावलीत, कोरड्या पेटीत, कुलपात. या एका गोष्टीवर मी तिसऱ्या प्रकरणात पाच पानं खर्च केली आहेत आणि ती वगळून पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे.

इंग्रजी पुस्तकांची अडचण वेगळीच आहे. त्यांतला शेतकरी सशासाठी काडतूस निवडत असतो. ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीसाठी थोडे ससे सोडले आणि पुढे त्यांनी खंडभर कुरणं फस्त केली. इंग्लंडातल्या बांधांवरही सशांची बिळं असतात. तिथं जमिनीच्या मालकाला ससा मारायला मोकळीक आहे. जवळून आणि आवाज न करता मारायचा तर एलआर, लांबून मारायचा तर एचएमआर, असा तो हिशेब. पण त्याच इंग्लंडात हरणाला रिमफायर लावणं गुन्हा आहे. १९९१ च्या हरीण-कायद्यानुसार तिथं मोठ्या हरणांसाठी रायफल किमान .२४० ची हवी आणि गोळीचा जोर १,७०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल. आता आपल्या गोळ्या मोजा. साधी एलआर १४० ज्यूल, वेगवान १९०, एचएमआर ३३०, मॅग्नम ४३०. ज्या देशात रिमफायरची एवढी चलती आहे तिथं हरणासाठीसुद्धा याच्या पाच ते सोळा पट जोर सक्तीचा आहे, आणि आपल्याकडे लोक विचारतात ते रानडुकराबद्दल! पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या घरात जातो. त्याच्या खांद्यावर जाड चामड्याची ढाल असते. त्यात एलआर खुपते, बसते आणि थांबते. जनावर मरत नाही.

आपल्याकडे सशाचंही उत्तर वेगळं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. ससा, तितर, लावा, मोर, काळवीट, रोही (नीलगाय), रानडुक्कर, सगळे त्याच्या छायेत येतात. काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. पूर्वी पाचवी अनुसूची होती, तिच्यात कावळे, फळं खाणारी वटवाघळं आणि उंदीर असे उपद्रवी म्हणून मोकळे सोडलेले जीव होते. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. म्हणजे "छोटी शिकार" आणि "उपद्रवी प्राण्यांवर गोळी" ही इंग्रजी पुस्तकांतली दोन्ही प्रकरणं आपल्या जिल्ह्यांत कायद्यानं जवळजवळ रिकामी आहेत. एअरगन घेऊन तितरामागे हिंडणाऱ्या पोराच्या बापानंही हे वाचावं. छर्ऱ्याला परवाना लागत नसेल, पण तितराला मारलं की ती शिकारच. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून गावोगावचे लोक आपणहून एअरगन सरकारजमा करत आहेत, कारण रानं पाखरांविना मुकी झाली. आपल्या माळांवरही तितराची हाळी पूर्वीसारखी ऐकू येत नाही, हे जागलीला जाणाऱ्या कुणालाही विचारा.

तरीही कायद्यानं शेतकऱ्याला अगदी वाऱ्यावर सोडलेलं नाही. कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या, पहिल्या अनुसूचीत नसलेल्या जनावराला मारण्याची परवानगी अधिकाऱ्याला देता येते. रोही आणि रानडुकरासाठी महाराष्ट्रात त्याची पद्धत ठरलेली आहे. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करायचा, लेखी कागद हातात पडल्याशिवाय रानात बंदूक न्यायची नाही. बिहारनं वेगळी वाट धरली होती. तिथं केंद्रानं रोह्याला ठराविक मुदतीपुरतं उपद्रवी जाहीर केलं आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामाच्या परिसरात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त रोही पाडले. दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांत वाद झाला. मला त्या वादापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांना बोलावलं ते आयुष्यभर बंदूक चालवलेले लोक होते. दोन महिन्यांपूर्वी परवाना मिळालेला आणि रात्रीच्या जागरणानं डोळे तांबारलेला माणूस त्यांच्या जागी उभा करता येत नाही.

आणखी एक कलम मी वर्गात नेहमी वाचून दाखवत असे. शस्त्र कायदा १९५९, कलम १३. यात परवाना कुणाला द्यायचा ते सांगताना कायद्यानं दोन वेगळे कप्पे केलेत. एका कप्प्यात संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नाही अशा गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक. ठासणीनं भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तिच्याऐवजी दुसरी गुळगुळीत नळी. दुसऱ्या कप्प्यात पॉइंट टू-टू रायफल आणि एअर रायफल, मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला, निशाणाच्या सरावासाठी. कायदा लिहिणाऱ्यांनी रान आणि निशाण असे दोन कप्पे केले आणि टू-टू निशाणाच्या कप्प्यात ठेवली. मला पोरवयात हा नुसता कारकुनी भेद वाटायचा. नंतर एक रात्र अशी आली की त्यामागचा विचार मला चुलत्यांच्या आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीच्या, पत्र्यावर वाचायला मिळाला.

मी अकरावीत होतो. खरिपाची हायब्रीड ज्वारी निसवली होती, दाणा दुधात होता, आणि डुकरं रोज रात्री ताटं मोडत होती. वडिलांकडे पीकराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती ते वर्षातून चार-दोनदा आभाळाकडे उडवत, तेवढ्यानं कळप दोन रात्री फिरकत नसे. त्या आठवड्यात एक पाहुणे आले, सोबत परवान्याची टू-टू रायफल. रात्री ते आणि मी माळ्यावर बसलो. चांदणं होतं. ताटांत खसखस झाली, पाहुण्यांनी बॅटरी मारली आणि पन्नास पावलांवरून गोळी सुटली. टू-टूचा आवाज काय, वाळकी काडी मोडल्यासारखा. जनावर किंचाळलं आणि पळालं. त्याच्या मागे दुसरी गोळी गेली. ती दगडी बांधाला लागली असावी, कारण "टींऽऽ" असा लांबत गेलेला आवाज मी ऐकला. तो ओढ्यापलीकडे गेला.

ओढ्यापलीकडे चुलत्यांचा आखाडा होता. माळ्यापासून चारशे पावलं असतील. सकाळी चुलती भिंतीचा पत्रा दाखवायला घेऊन गेली. पत्र्यात भोक होतं, पण गोल नव्हे. बोटाच्या पेराएवढी आडवी चीर होती आणि कडा आत वळलेल्या होत्या. दगडाला आपटून गोळी तिरपी गरगरत आली होती. चिरेखाली हातभर अंतरावर बाज होती, बाजेवर चुलती तान्ह्या पोराला घेऊन निजलेली होती, आणि बाजेच्या पलीकडे ज्वारीचं पोतं. पोत्यातून मी शिशाचा तुकडा काढला. तुरीच्या डाळीसारखा चपटा झाला होता, एका बाजूला दगडाची काळी पूड बसलेली. तो माझ्याकडे अजून आहे. हातात घेतला तर वजनसुद्धा जाणवत नाही.

डुक्कर चौथ्या दिवशी सापडलं, ओढ्याच्या घाणेरीत. गोळी पोटात मागच्या अंगाला लागली होती. जखमेत किडे पडले होते आणि ते जिवंत होतं. आम्ही आधी वासानं ओळखलं, मग धापेच्या आवाजानं. संध्याकाळपर्यंत ते गेलं. वडील पाहुण्यांना वाईट बोलले नाहीत, घरी आलेल्या माणसाला ते कधीच बोलत नसत. एस.टी.पर्यंत सोडायला गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "पाव्हणे, ही वस्तू आमच्या रानाला नाही."

गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या एलआरच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापतात. नळी वर धरून सुटलेली गोळी खरोखरच दीड किलोमीटरच्या आसपास जाते. आता आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. लातूर, औसा, निलंगा, सगळं मोकळं काळं रान. कोसभर चाललात तर एखादी वाडी, आणि त्याआधी चार आखाडे. कुठं सालगडी कुटुंबासह राहतो, कुठं ऊसतोडीची टोळी पालं टाकून असते. नांदेडच्या बाजूला किनवट-माहूरकडे डोंगर आहेत, पण कंधार, लोहा, मुखेडचं रान पुन्हा दगडाचं. शिशाची बोथट गोळी दगडावरून, सुक्या कडक भुईवरून, तळ्याच्या पाण्यावरूनसुद्धा उसळते. जिथं गोळीमागे मातीचा उंच बांध नाही, तिथं ती कुठं थांबेल हे सुटल्यावर कुणाच्याच हाती राहत नाही. बारा बोअरचे छर्रे काही अंतरावर दम सोडतात. कायद्यानं रानासाठी गुळगुळीत नळी ठेवली त्यामागे हा विचार आहे, असं मी मानतो.

मग शेतकऱ्यानं करायचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. सोयाबीन, हरभरा, तूर, हळद, ऊस, प्रत्येक पिकाला त्याचं त्याचं जनावर आहे, आणि पंचनाम्यानंतर मिळणारी भरपाई जागरणाचं मोल देत नाही. बायाबापड्या थंडीत माळ्यावर बसतात, पोरं परीक्षेच्या दिवसांत जागलीला जातात. हा अन्याय आहे आणि तो सरकारदरबारी जोरानं मांडलाच पाहिजे. सौर झटका मशीन नीट बसवलं तर बरंच काम करतं. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं. पण तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणं म्हणजे खून आहे. त्या तारेवर पहाटे वळवाच्या पावसात बांधावरून चालणारा आपलाच भाऊ मरतो, अशा बातम्या दर हंगामात येतात. गावठी बॉम्ब पिठाच्या गोळ्यात घालून ठेवणाऱ्यांबद्दलही माझं मत तेच आहे, तो बॉम्ब गाईच्या तोंडात फुटलेला मी पाहिला आहे. परवानगी काढून मारायची वेळ आलीच, तर सराव झालेला माणूस, योग्य नळी, जवळचं अंतर, मागे माती, आणि जखमी जनावराचा माग काढायची तयारी. पाचव्या प्रकरणात याचा तपशील आहे. त्यात रिमफायरचं एकही काडतूस सुचवलेलं नाही.

टू-टूचं खरं रान पन्नास मीटर लांबीचं असतं, शेवटी मातीचा ढिगारा आणि त्यापुढे कागद. तिथं निवडीला खरा अर्थ येतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, अंतिम फेरीत ४५१.४ गुण. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, तिन्ही वेळा हातात हेच काठावरचं काडतूस. त्याच्या कित्येक वर्षं आधी, २०१० साली म्युनिकला, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकलं होतं. त्या निशाणावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, टपोऱ्या हरभऱ्याच्या दाण्याएवढं. पन्नास मीटरवरून हरभरा टिपायचा, एकदा नाही, साठ वेळा. दोघांची गोळी आकारानं तीच, जी चुलत्यांच्या आखाड्यातल्या पोत्यात घुसली होती.

मराठवाड्यातल्या बहुतेक पोरांची टू-टूशी पहिली भेट एन.सी.सी.त होते. एन.सी.सी. १९४८ ची, म्हणजे आपला मुलूख निजामाच्या राज्यातून सुटला त्याच वर्षाची. पंचवीस यार्ड, अंथरलेली सतरंजी, पाच गोळ्या, आणि मागे हिंदीत ओरडणारा हवालदार. प्रत्येक रिकामी नळकांडी मोजून परत. एकदा मुखेडकडची एक मुलगी आली होती, कोरडवाहू शेतकऱ्याची लेक. पाचपैकी चार गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील इतक्या जवळ, पाचवी कागदाबाहेर. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, पाचव्याला श्वास सोडायचा राहिला." तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिला ते कळलं होतं. लहान गोळीचं हेच मोठेपण आहे. धक्का नाही, दणका नाही, त्यामुळे चूक कुठं झाली ते कागदावर लख्ख दिसतं.

पुस्तिकेचं सगळ्यात मोठं प्रकरण या कागदासाठी आहे. कोणतं खोकं चांगलं, या प्रश्नाला उत्तर रायफलच देते. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांचं नाव मोठं आहे, आणि परदेशात नेमबाज आपली रायफल घेऊन त्यांच्या चाचणी-केंद्रावर जातात. तिथं एकाच नावाच्या काडतुसांच्या वेगवेगळ्या घाण्या, म्हणजे लॉट, एकामागून एक उडवून आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात. तेच नाव, तीच किंमत, पण यंदाची घाणी एका नळीला लागू पडते आणि दुसरीला नाही. आपल्याला तिथवर जायची गरज नाही. थंडीतली वारा पडलेली पहाट निवडा. नळी आधी त्याच खोक्याच्या पाच-सहा गोळ्यांनी मळवा, कारण प्रत्येक मेण वेगळं असतं आणि आट्यांवर आधीचं बसलेलं असतं. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा. प्रत्येक खोक्याच्या दहा-दहा गोळ्या वेगवेगळ्या कागदावर, मध्ये रायफल थंड होऊ द्या. कागदावर तारीख, उष्णता, खोक्याच्या झाकणावरचा लॉट नंबर. पाच गोळ्यांच्या झुबक्यावर भरवसा ठेवू नका. दैव पाचांत लपतं, दहांत उघडं पडतं.

मी शेवटची अशी चाचणी घेतली तेव्हा चार खोकी होती. सगळ्यात महाग खोक्याचा झुबका लिंबाएवढा आला. सगळ्यात स्वस्त खोक्याच्या दहाच्या दहा गोळ्या बोराएवढ्या जागेत गेल्या, कडेला एकही सुटी नाही. तो कागद मी पहिल्या प्रकरणासमोर छापला आहे, लॉट नंबरसकट, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलंही तसंच ठेवलंय: सकाळी सात, १४ अंश, वारा नाही.